पायलटचं लायसन्स कॉलेज देत नाही: इंदूरच्या मराठी शिक्षण निधींच्या विश्वस्तांना खुले पत्र

माननीय विश्वस्त मंडळी,

सप्रेम नमस्कार.

आपल्या इंदुरात मराठी माणसांनी उभे केलेले शिक्षण निधी पुष्कळ आहेत. काही मंडळांचे, काही ज्ञातिसंस्थांचे, काही कुणी आपल्या आईवडिलांच्या नावानं ठेवलेले. बारावीचे निकाल लागले की अर्ज मागवले जातात, मग छाननी, बैठका, आणि एखाद्या रविवारी सकाळी सभागृहात धनादेश वाटले जातात. या निधींवर शिकलेले डॉक्टर, इंजिनियर, सीए या शहरात गल्लोगल्ली भेटतील. हे पत्र या सगळ्या निधींच्या विश्वस्तांना मिळून लिहिलंय. कुणा एका संस्थेकडे बोट नाही.

माझी नोकरी एअर ट्रॅफिक कंट्रोलची. बदल्या होत होत शेवटची वर्षं इथेच, देवी अहिल्याबाई होळकर विमानतळाच्या टॉवरमध्ये गेली. मी स्वतः पायलट नव्हे. पण शिकाऊ पोरगं पहिल्यांदा एकटं विमान घेऊन वर जातं तेव्हा रेडिओवर त्याच्याशी बोलायला टॉवरमधला माणूसच असतो, त्यामुळे पायलट कसे तयार होतात आणि कुठे अडकतात ते बऱ्यापैकी पाहिलंय. निवृत्तीनंतर सुदामा नगर, राजेंद्र नगर, रामबाग इकडून पालक घरी येऊ लागले. ‘काका, हा पायलट व्हायचं म्हणतो, कुठल्या कॉलेजात घालू?’ प्रश्न बहुतेक वेळा याच शब्दांत येतो, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. कारण पायलट होण्यासाठी आपल्या देशात कॉलेज लागतच नाही.

आता तुमचा त्यात काय संबंध, ते सांगतो. तुमच्या अर्जाचा नमुना काढून बघा. महाविद्यालयाचे नाव. अभ्यासक्रमाचे नाव व कालावधी. चालू वर्ष. प्रवेश शुल्काची पावती. मागील परीक्षेची टक्केवारी. कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे पोरं ज्याला सीपीएल म्हणतात, त्याच्या मागे लागलेला मुलगा यातला एकही रकाना धड भरू शकत नाही. त्याच्याकडे महाविद्यालय नाही, वर्ष नाही, सेमिस्टर नाही. मग त्याचा अर्ज ‘अपूर्ण’ म्हणून बाजूला पडतो. किंवा त्याहून वाईट घडतं: रकाना भरता यावा म्हणून तो कुठेतरी प्रवेश घेतो.

गेल्या उन्हाळ्यात एक बाई मुलाला घेऊन आल्या होत्या. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये एक गुळगुळीत माहितीपत्रक. मुखपृष्ठावर खांद्यावर चार पट्ट्या असलेला कॅप्टन, मागे निळं आकाश. आत सहा सेमिस्टरचे विषय: एअरलाइन मार्केटिंग, ग्राउंड हँडलिंग, टिकिटिंग, कार्गो, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट. मी शेवटचं पान उलटलं. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की फ्लाइंगचं प्रशिक्षण ऐच्छिक असून त्याचं शुल्क वेगळं आहे. बाईंनी ते वाचलं नव्हतं. पहिल्या वर्षाची फी भरून झाली होती. मी म्हटलं, ‘ताई, यातून हा विमानतळावर नोकरीला लागू शकेल, पण कॉकपिटमध्ये नाही.’ त्या म्हणाल्या, ‘अहो, पण मंडळाचे पैसे याच्यावरच मिळतात ना. नुसतं फ्लाइंग शिकतो म्हटलं तर कोण देणार?’

त्या बाईंचं बोलणं खोटं नव्हतं.

माझं त्या अभ्यासक्रमाशी भांडण नाही. विमानतळाचं व्यवस्थापन, माल, प्रवासी, चेक-इन ही मोठी दुनिया आहे आणि तिथे माणसं लागतात. ज्याला ते काम करायचंय त्यानं जरूर शिकावं. पण मुखपृष्ठावर चार पट्ट्या छापायच्या आणि आत टिकिटिंग शिकवायचं, याला मी दिशाभूलच म्हणेन. ओळखायची खूण सोपी आहे. प्रवेश देणाऱ्याला एकच विचारायचं: कोर्स संपल्यावर लायसन्स कोण देणार? भारतात पायलटचं लायसन्स नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देतं, ज्याला सगळे डीजीसीए म्हणतात. विद्यापीठ देत नाही, कॉलेज देत नाही, अगदी फ्लाइंग स्कूलही देत नाही. ते फक्त उडायला शिकवतं, आणि तेही डीजीसीएची मान्यता असेल तरच. मान्यताप्राप्त शाळांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर असते. २०२५ च्या ऑक्टोबरपासून या शाळांना श्रेणीही द्यायला सुरुवात झाली आहे. छाननीच्या वेळी तुमच्यापैकी कुणी मोबाइलवर ती यादी उघडून बघितली, तरी निम्मा घोळ टळेल.

मग लायसन्सला लागतं काय? वय अठरा. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित. डीजीसीएची वैद्यकीय तपासणी, आधी प्राथमिक म्हणजे क्लास टू, मग जास्त कडक म्हणजे क्लास वन. लेखी परीक्षा: नॅव्हिगेशन, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि टेक्निकलचे पेपर. उत्तीर्ण व्हायला प्रत्येकात सत्तर टक्के. रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा. आणि २०० तासांचं उड्डाण, त्यातले १०० तास स्वतःच्या जबाबदारीवर, पायलट इन कमांड म्हणून. त्यातच एक लांबचं उड्डाण, किमान ३०० सागरी मैलांचं, वाटेत दोन निराळ्या विमानतळांवर उतरून. रात्रीची उड्डाणं. ढगात बाहेरचं काही दिसत नसताना नुसत्या उपकरणांवर उडवण्याचे तास. यात पदवी कुठेच नाही. विमान कंपन्याही नवख्या फर्स्ट ऑफिसरला, म्हणजे को-पायलटला, सहसा बारावीचे भौतिकशास्त्र-गणिताचे गुण विचारतात, पदवी सक्तीची करत नाहीत.

इथे हल्ली एक वेगळाच घोटाळा दिसतो. सुशिक्षित पालक इंटरनेटवर वाचून येतात की अमेरिकेत एव्हिएशनची पदवी घेतली तर उड्डाणाच्या तासांत सूट मिळते. खरं आहे, पण ते तिथलं आहे. २००९ मध्ये बफेलोजवळ एक प्रवासी विमान कोसळलं, पन्नास माणसं गेली. त्यानंतर कायदा झाला आणि २०१३ पासून तिथे को-पायलटलाही साधारण १५०० तासांशिवाय प्रवासी विमानात बसता येत नाही. मान्यताप्राप्त विद्यापीठातून चार वर्षांची एव्हिएशनची पदवी आणि तिथलंच फ्लाइंग असेल, तर ते १००० तासांवर येतं. ५०० तासांची सूट म्हणजे कमाईला निदान काही महिने आधी सुरुवात, म्हणून तिथल्या पोरांना कॉलेज निवडताना हा हिशोब करावाच लागतो. आपल्याकडे २०० तासांचं सीपीएल आणि टाइप रेटिंग, म्हणजे विशिष्ट प्रकारचं विमान उडवण्याची पात्रता, झालं की को-पायलटच्या खुर्चीत बसता येतं. १५०० तासांची गोष्ट येते ती पुढच्या लायसन्ससाठी, कॅप्टन होताना, आणि ते तास तो पगार घेत पुरे करतो. म्हणजे तासांच्या ज्या सवलतीसाठी अमेरिकेत एव्हिएशनची पदवी घेतात, ती सवलत इथे कशातून देणार? आणि खुद्द अमेरिकेतही डेल्टासारख्या मोठ्या कंपनीनं २०२२ मध्ये चार वर्षांच्या पदवीची सक्ती उठवली.

आता पैशांचं. भारतात सीपीएलला आज पन्नास लाखांच्या आगेमागे खर्च येतो. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ चं टाइप रेटिंग वर पंधरा-वीस लाख. विमान कंपन्यांचे कॅडेट कार्यक्रम, ज्यात निवड आधी होते आणि नोकरीचा रस्ता बराचसा आखलेला असतो, ते एक कोटीच्या घरात जातात. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँक साधारणपणे तारण मागते, म्हणजे राहतं घर. तुमचा पंचवीस-पन्नास हजारांचा धनादेश या आकड्यांपुढे किरकोळ वाटेल. मला तसं वाटत नाही. फक्त तो कुठे पडतो त्याला महत्त्व आहे.

सगळ्यात आधी तो पडायला हवा मेडिकलवर. ही गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो आणि बहुतेक जण ती शेवटी करतात. फी भरतात, वसतिगृह घेतात, गणवेश शिवतात, आणि मग डोळे तपासायला जातात. पत्रिका जुळवायच्या आधी मंगल कार्यालयाला इसार देण्यातला प्रकार. रंगांधळेपणा घ्या. लाल-हिरव्या ठिपक्यांतला आकडा वाचता येत नाही हे त्या मुलाला अठरा वर्षं माहीतच नसतं, कारण रोजच्या जगण्यात त्याचं काही अडत नाही. कानाची ऑडिओमेट्री, ईसीजी, रक्त, छातीचा एक्स-रे, यातही कधी काही निघतं. बऱ्याच गोष्टी उपचारानं सुटतात आणि ‘तात्पुरता अपात्र’ शेरा पुढे निघूनही जातो. चष्मा असला म्हणजे सगळं संपलं असंही नाही, चष्मा लावून नजर ठरल्या मर्यादेत आली की चालतं. पण जे सुटणारं नाही ते आधी कळायला हवं. ही तपासणी काही हजारांत होते. डीजीसीएच्या यादीतल्याच डॉक्टरकडे करावी लागते, गल्लीतल्या ओळखीच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र चालत नाही. क्लास टू झाल्यावर क्लास वनसाठी ठरावीक केंद्रांवर जावं लागतं, प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च येतो. हा सगळा खर्च तुमच्यासारखा एखादा निधी सहज उचलू शकेल, आणि तो वाया गेला तरी एका घराचे पन्नास लाख वाचलेले असतील.

त्यानंतर परीक्षा. या पेपरांची तयारी घरी बसून, पुस्तकं आणून, किंवा ग्राउंड स्कूलचे, म्हणजे लेखी विषयांचे, क्लास लावून करता येते आणि ते देता येतात, फ्लाइंग स्कूलला एक रुपया भरायच्या आधी. मला विचाराल तर मुलाची खरी छाननी इथे होते. बारावीचे टक्के कोचिंगनं येतात, आपल्या भंवरकुआंला तो धंदाच आहे. पण एखाद्यानं एकट्यानं अभ्यास करून हवामानशास्त्र आणि नॅव्हिगेशनमध्ये सत्तरच्या वर काढले, तर तो गंभीर आहे असं समजायला हरकत नाही. हवामानशास्त्र तर मी मुद्दाम त्यांच्याशी बोलतो. माळव्याच्या पठारावर मे महिन्यात दुपारी हवा कशी उकळते, जुलैत ढग किती खाली येतात, डिसेंबरच्या पहाटे धूसर का होतं, हे ज्याला स्वतःच्या गावाच्या आकाशात दाखवता येतं, त्याला तो पेपर जड जात नाही. तुम्ही मागील परीक्षेची टक्केवारी विचारता तिथे डीजीसीएच्या पेपरचा निकाल का विचारत नाही?

आता फ्लाइंगबद्दल जरा सविस्तर, कारण ते मी काचेतून पाहिलंय आणि माहितीपत्रकात ते कधी नसतं. आपल्या विमानतळावर मध्य प्रदेश फ्लाइंग क्लब आहे, घराजवळ सोय आहे, आणि पालकांना वाटतं की पोरगं डोळ्यांसमोर राहील. यात चूक काही नाही. मात्र कुठल्याही गजबजलेल्या विमानतळावर शिकण्याचं एक गणित असतं, ते समजून घ्या. शिकाऊ मुलगा सर्किट करत असतो, म्हणजे उडायचं, धावपट्टीला समांतर उलटं जायचं, वळायचं, टेकायचं आणि न थांबता परत उडायचं. तो डाउनविंडवर, म्हणजे त्या समांतर उलट्या टप्प्यात, असताना दिल्लीचं विमान लाँग फायनलवर, म्हणजे दुरून धावपट्टीच्या रेषेत उतरायला, येतं. कंट्रोलर त्याला सांगतो, एक्स्टेंड डाउनविंड, म्हणजे इतक्यात वळू नको, सरळ जात राहा. तो पुढे पुढे जात राहतो. मोठं विमान उतरतं, धावपट्टी मोकळी करतं, तेवढ्यात दुसरं टॅक्सीवेवर उभं असतं, त्यात दीडशेहून जास्त माणसं बसलेली. तेही सोडायचं असतं. शिकाऊ विमान अजून बाहेरच. तास लॉगबुकात चढतो, तासाचे पंधरा हजार किंवा त्याहून जास्त बापाच्या खात्यातून जातात, पण ज्या तासात आठ लँडिंग व्हायची तिथे तीन होतात. याला कुणाचाही दोष नाही. प्रवासी विमानाला आधी जागा द्यावीच लागते.

याची दुसरी बाजूही आहे, नाहीतर मी एकांगी बोललो असं होईल. गर्दीत शिकलेल्या पोराचा रेडिओ पक्का होतो. मोठ्या विमानांच्या मधे कसं राहायचं, कमी शब्दांत कसं बोलायचं, कंट्रोलर चिडला तरी आपण कसं चिडायचं नाही, हे तो पहिल्या वर्षातच शिकतो. याउलट मोकळ्या आकाशातली शाळा तास भराभर पुरे करते. आग्रा-मुंबई रस्त्यानं सेंधव्याचा घाट उतरून गेलं की आधी शिरपूर, मग धुळं, दोन्हीकडे फ्लाइंगची सोय आहे. सागरजवळ ढाण्याला आहे, गोंदियाजवळ बिरसीला आहे. उत्तर प्रदेशात फुरसतगंजला केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी आहे, तिथे देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. अमरावतीला बेलोरा विमानतळावर एअर इंडियानं स्वतःची शाळा काढायचं २०२४ मध्ये जाहीर केलं. परदेशात जाणाऱ्यांचे तास लवकर होतात, पण परत आल्यावर लायसन्स भारतीय करून घ्यायला इथल्या परीक्षा चुकत नाहीत, ते सोपं समजू नये.

शाळा निवडताना इमारत आणि कँटीन बघून येणारे पालक मी पाहिलेत. विचारायला हवं ते हे: उडणाऱ्या अवस्थेतली विमानं किती, हँगरमध्ये उघडून ठेवलेली किती? दर शंभर तासांनी तपासणीला गेलेलं विमान परत कधी येतं? इन्स्ट्रक्टर किती आणि मुलं किती? गेल्या वर्षी आलेल्या मुलांचे २०० तास किती महिन्यांत झाले? शेवटचा प्रश्न ऑफिसात विचारू नये, बाहेर चहाच्या टपरीवर बसलेल्या पोरांना विचारावा. तीस महिने झाले तरी तास अर्धेच, असं सांगणारं कुणी भेटलं तर गाडीला किक मारून परत यावं.

एक नियम मात्र विश्वस्तांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. हे २०० तास लायसन्सच्या अर्जाआधीच्या पाच वर्षांतले असावे लागतात. पैसे संपले म्हणून दीडशे तासांवर थांबलेला मुलगा नोकरी करून पैसे जमवायला गेला आणि वर्षं निघून गेली, तर सुरुवातीचे तास एकेक करून हिशोबातून गळायला लागतात. अशा वेळी शेवटच्या टप्प्यासाठी दिलेली बिनव्याजी मदत, नोकरी लागल्यावर परत करायच्या बोलीवर, ही कुठल्याही पहिल्या वर्षाच्या फीपेक्षा जास्त कामाची आहे. परत येणारा पैसा पुढच्या मुलाला जाईल, हे वेगळं सांगायला नको.

‘मग डिग्री नकोच का?’ असं तुमच्यातले ज्येष्ठ विचारतील, आणि मुलीच्या बापानं तर लग्नाचा विचार करून विचारलेलंच असतं. हवी. फक्त ती पायलट होण्यासाठी नव्हे, पायलट होता आलं नाही किंवा राहता आलं नाही तर, यासाठी. विमान कंपन्याच बघा: किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली, जेट २०१९ मध्ये, गो फर्स्ट २०२३ मध्ये. प्रत्येक वेळी हजारो तास उडवलेली माणसं घरी बसली. मेडिकल तर दरवर्षी नव्यानं द्यावं लागतं, वय वाढलं की आणखी लवकर लवकर. अशा धंद्यात हाताशी असणारी पदवी विमानांची कशाला हवी? विमान वाहतूक मंदावली की एव्हिएशन मॅनेजमेंटच्या नोकऱ्याही त्याच वाऱ्यानं जातात. होळकर सायन्स कॉलेज १८९१ पासून आहे, तिथे भौतिकशास्त्राची नाहीतर गणिताची बी.एस्सी. करा. देवी अहिल्या विद्यापीठातून कॉमर्स करा. इग्नूतून घरबसल्या करा आणि बरोबर डीजीसीएचे पेपर द्या. ज्याला इंजिनियरिंग झेपतं त्यानं ते करून मग फ्लाइंगकडे वळावं, असे कितीतरी आहेत. फक्त एक ध्यानात घ्या. पायलटची ज्येष्ठता कंपनीत रुजू झाल्या तारखेपासून मोजतात आणि पासष्टाव्या वर्षी थांबावं लागतं. सुरुवातीला घालवलेली चार वर्षं ही शेवटच्या, सगळ्यात जास्त पगाराच्या वर्षांतून वजा होतात. म्हणून पदवी आणि लायसन्स एकमेकांच्या शेजारी चालवता आले तर उत्तम. आणि फ्लाइंगला खरोखर जोडलेली पदवी असेल, जिथे वर्गातले विषय आणि डीजीसीएचे पेपर एकच आहेत, तर तीही चालेल.

अकरावीला बसलेल्यांसाठी दोन ओळी, कारण तुमच्या बक्षीस समारंभाला दहावीची मुलंही असतात. गणित आणि भौतिकशास्त्र सोडू नका. एके काळी दहावी झालेल्यालाही सीपीएल मिळत असे, विज्ञानाची अट नव्वदच्या दशकात आली. ती काढावी असा विचार डीजीसीएत सुरू असल्याच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या. त्या बातम्यांच्या भरवशावर कुणी विषय निवडू नयेत. कॉमर्स घेऊन बसलेल्यांनी हातपाय गाळायचं कारण नाही, राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून हे दोन विषय नंतर देता येतात.

मुलींबद्दल एक किस्सा सांगायचा मोह आवरत नाही. एका निधीच्या मुलाखतीत एका मुलीला विचारलं गेलं की रात्रीअपरात्रीची ड्यूटी, घरचे हो म्हणतील का? मी तिथे नव्हतो, तिनंच येऊन सांगितलं. बरोबरच्या मुलाला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. भारतात पायलटांमध्ये बायकांचं प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आसपास आहे, जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी वर. कॅप्टन सौदामिनी देशमुखांनी १९८५ मध्ये कोलकात्याहून सिल्चरला फॉकर फ्रेंडशिप नेलं तेव्हा त्या विमानात सगळा क्रू बायकांचा होता. त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. घरच्यांची परवानगी विचारायचीच असेल तर दोघांनाही विचारा.

तेव्हा विनंती अशी. अर्जाच्या नमुन्यात ‘महाविद्यालयाचे नाव’ याच्या खाली ‘किंवा परवान्याचा प्रकार’ एवढं वाढवा. पायलटच्या अर्जदाराकडून प्रवेशाच्या पावतीऐवजी क्लास टू मेडिकलचा निकाल मागा, आणि तो नसेल तर नाकारण्याऐवजी तपासणीचेच पैसे द्या. मदत एकरकमी न देता मेडिकल, मग पेपर, मग शेवटचे तास अशी टप्प्यानं द्या, मागच्या टप्प्याचा कागद बघून. एव्हिएशन हा शब्द असलेल्या पदवीला मदत देताना ती कशासाठी घेतोय हे मुलाला तोंडी विचारा. तो ‘पायलट’ म्हणाला तर त्याला तिथेच थांबवून त्याच्या आईवडिलांना बोलवा. आणि पदवीसाठीची मदत नेहमीसारखी चालू ठेवा, विषय कुठलाही असो.

छाननीच्या बैठकीला मी यायला तयार आहे, मानधन नको. माझ्या ओळखीचा एक फर्स्ट ऑफिसर आणि एक निवृत्त इन्स्ट्रक्टरही सवडीनं येतील असं म्हणालेत. रविवार सोडून बोलवलंत तर बरं, रविवारी सकाळी माझ्याकडे चार पोरं हवामानशास्त्र शिकायला येतात. यंदाचे अर्ज छापून झाले असतील तर परत छापू नका. मेडिकलबद्दल एक चिठ्ठी टाचून दिलीत तरी या वर्षापुरतं चालेल. मजकूर मी लिहून देतो.

आपला नम्र,
एक निवृत्त एअर ट्रॅफिक कंट्रोलर
लोकमान्य नगर, इंदूर